रहिवास

तहसील कचेरीत भुजंगने फडक्यातला पितळी तांब्या काढून नायबसाहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो फिरवून बघितला. बुडाजवळ भुजंगचं नाव कोरलेलं होतं, जालन्याच्या दुकानदाराचंही होतं.

"साल कुठंय?" साहेबांनी विचारलं.

साल नव्हतं. भाड्याची पावतीही नव्हती. भाडं घरमालकिणीच्या हातात द्यायचं आणि ओट्यावर चहा पिऊन उठायचं, असंच चालत आलं होतं.

बदनापूर स्टेशनाजवळ जकातीच्या नाक्यावर भुजंग शिपाई होता. कुणीतरी अर्ज केला होता की हा वऱ्हाडातला, इंग्रजी मुलखातला माणूस. याला निजाम सरकारची नोकरी कशी? पंधरा वर्षं याच मुलखात राहिल्याचं आज शाबीत झालं तर मुलकीचा, म्हणजे इथलाच असल्याचा, दाखला मिळणार होता, नाहीतर नोकरी जाणार होती. वऱ्हाडात त्याचं कुणी उरलं नव्हतं. इथे एक खोली होती. तिच्या चुलीला त्याच्या बायकोने, गोजरने, आजारपणातही पोतेरं घातलं होतं. गोजरला जाऊन अजून महिना झाला नव्हता.

साक्षीला घरमालकीण झुंबरबाई आली होती. तिचा मुलगा धर्मराज दाराशी उभा होता.

"हा तुमच्या घरात कधीपासून राहतो?"

"असतील की चार-पाच वर्सं," झुंबरबाई पदर सावरत म्हणाली.

भुजंगने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. भाडेकरूची वर्षं सरकारी कागदावर चढली की घर त्याचं होतं, असं तिच्या डोक्यात कुणीतरी भरवून दिलं होतं. त्याने परोपरीने समजावलं, तरी तिचं एकच म्हणणं होतं की रांडमुंड बाईच्या घरावर सगळ्यांचाच डोळा असतो.

एक गोष्ट सांगण्यासारखी होती. त्याच खोलीत गोजरची तान्ही मुलगी गेली, तेव्हा भिंतीपलीकडे बाळंतीण झुंबरबाईला दूध येत नव्हतं. गोजरने धर्मराजला पदराखाली घेतलं आणि तो चालायला लागेपर्यंत पाजलं. मोठ्या घरचं पोर भाडेकरणीच्या अंगावर वाढलं, असं गावाने म्हणू नये, म्हणून झुंबरबाईने हे कुणालाच, धर्मराजलाही, न सांगण्याचा तिच्याकडून देवापुढे शब्द घेतला होता. गोजरने तो मरेपर्यंत पाळला. तिच्यामागे भुजंगने तो कसा मोडायचा?

"आणखी काही सांगायचंय?"

"न्हाई, साहेब."

साहेबांनी कलम शाईत बुडवलं. तेवढ्यात त्यांची नजर धर्मराजकडे गेली. टोपी सारखी त्याच्या कानांवर घसरत होती. डोक्यावर केस नव्हते, नुसते खुंट होते.

"तुमच्या घरात कोण वारलं?"

धर्मराजने आईकडे बघितलं.

"आमच्यात कुनी न्हाई," झुंबरबाई म्हणाली.

"मग याचं डोकं?"

भुजंगने तांब्या ओढून घेतला आणि फडक्यात बांधायला लागला. गाठ नीट बसेना.

"चल धर्मा," तो हळू आवाजात म्हणाला, "झालं आपलं."

"थांबा," झुंबरबाई म्हणाली. "याची आई वारली, साहेब. दूध पाजनारी. ह्यांची बायको. माझं पोर तिच्या अंगावर प्यालंय, माझ्याच घरात. आता त्याला सतरावं लागलंय. बराबर लिवा."

जबानी लिहून घेणारा पेशकार हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला. साहेबांनी कलम खाली ठेवलं आणि स्वतः उठून स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा माँजी. आम्हा मुसलमानांत दुधाची आई म्हणजे आईच."

मग त्यांनी जबानी पहिल्यापासून लिहायला सांगितली.

परतताना झुंबरबाई बैलगाडीत तोंड फिरवून बसली होती. अंगठ्याची शाई ती सारखी पदराला पुसत होती.

"घर माझंच हाय, ध्यानात ठिवा."

"व्हय, वहिनी."

गाडी गावाच्या शिवारात आली. धर्मराज पुढे बसून बैलांशी बोलत होता. भुजंगने मग झुंबरबाईला हळूच विचारलं. गोजरला अग्नी दिला त्या दिवशी त्याच्या मागोमाग धर्मराजही न्हाव्यापुढे जाऊन बसला होता. त्याला कुणी सांगितलं होतं?

झुंबरबाईने अंगठा पदरात गुंडाळून घेतला.

"कोन सांगनार?" ती म्हणाली. "शब्द तिनं दिल्ता, म्या न्हाई."