कोरं कापड

“पाळी वेळेवर येते ना?” डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं.

“येते की,” सासूनं उत्तर दिलं. “घड्याळ लावून घ्या.”

सून लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री मारणारी बाई, चटके मुकाट सोसायची सवय. मूल होत नाही म्हणून दाखवलेल्या आधीच्या तिन्ही डॉक्टरांनी हेच विचारलं होतं, सासूनं हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी गोळ्या लिहून देऊन वाटेला लावलं होतं. बाईच्या पोटाची चौकशी बाई सोडून साऱ्या जगाकडे.

ह्या बाईंनी मात्र सासूला बाहेर बसवलं. दार लावलं.

“आता तू सांग.”

“दोन वर्षं झाली. येतच नाही.”

“मग सासूबाई असं कसं म्हणतात?”

“दर महिन्याला कोरंच कापड धुऊन वाळत घालते. आईंचं लक्ष दोरीवर असतं. पाळी गेली म्हटलं असतं तर ह्यांना दुसरी करून आणली असती.”

दुर्बीण घालून डॉक्टरीणबाईंनी गर्भाशय आतून पाहिलं, अस्तराचा कण काढून तपासायला पाठवला. क्षय निघाला. क्षय म्हणजे खोकला, एवढंच आपल्याला ठाऊक. तो गर्भाशयातही बिऱ्हाड करतो, आणि तिथून खोकला ऐकू येत नाही.

“सहा महिने औषध घे, रोग जाईल,” रिपोर्ट आल्यावर बाई म्हणाल्या. “पण आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्यात. मूल राहील अशी खोटी आशा मी दाखवणार नाही.”

“मी तेव्हाच खरं सांगितलं असतं तर?”

बाईंनी चष्मा काढला. “कदाचित.”

तो एक शब्द घेऊन ती बाहेर आली. सासू बाकावर वाट बघत होती.

“काय म्हणाल्या?”

“क्षय आहे. गर्भाशयात. मूल होणार नाही.”

“हळू बोल गं, लोक ऐकतायत.” मग पिशवी मांडीवर ओढून घेत, खालच्या आवाजात, “आता त्याचं दुसरं बघावंच लागेल.”

“बघा,” सून म्हणाली. ज्याला भ्यायची ते होऊन गेलं होतं.

आतून पुढची हाक आली. समोरची एक पोरगी उठली, पाठोपाठ तिची सासूही. इस्त्रीवालीनं त्या सासूपुढे पाय आडवा घातला.

“तिला एकटीला जाऊ द्या.”

“तू कोण गं?”

तिनं पाय काढला नाही. पोरगी दारातच थांबली. आत जाऊ का, हे कुणाला विचारावं ते तिला कळेना.