पीडा घेणारे नऊ मासे

दाराबाहेर चपलांचे सव्वीस जोड होते. आत माणसं एकतीस. म्हणजे पाच जण समोरच्याच फ्लॅटमधून अनवाणी आलेले, हे गणित स्वप्नाने खांद्यावरची बॅग उतरवण्याआधीच करून टाकलं. टीव्हीच्या जागी दीड फुटी काचेची टाकी आली होती. टाकीत मासे पाच. तीन सोनेरी, एक काळा, आणि एक सोनेरी पोट वर करून तरंगणारा. झाडं शून्य. माती शून्य. फिल्टर एक, तोही बंद.

"गेला! गेला!" सोफ्यावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

मेलेल्या माशाला टाळ्या मिळताना स्वप्ना पहिल्यांदाच पाहत होती.

टाकीशेजारी पांढऱ्या सफारीत उभे होते ते जलवास्तुतज्ज्ञ काशीराम गुरुजी. त्यांनी मासा जाळीने अलगद उचलला आणि तो सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"मोजा मंडळी! चार आधीच गेले होते, आज हा पाचवा. गुरुवारीच जाणार असं सांगितलं होतं की नव्हतं? अहो, मासा मरत नाही, मासा घेतो! माणसाच्या अंगावरची पीडा ओढून घेतो आणि स्वतः निघून जातो. आठ सोनेरी, एक काळा, एकूण नऊ. पाच गेले, तर रोग किती उतरला? साहेब, तुम्ही विमा कंपनीत होतात, तुम्हीच सांगा!"

"पंचावन्न टक्के," स्वप्नाचे बाबा जयवंत म्हणाले.

पंचावन्न पूर्णांक छप्पन, स्वप्ना मनातल्या मनात म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं: ही बेरीज-वजाबाकी तिच्या बाबांच्या जिभेची चालली होती.

वसईतल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. पाच आठवडे प्रशिक्षणासाठी नागपूरला गेली, ती जाण्याआधीच बाबांच्या जिभेच्या डाव्या कडेवरच्या फोडाचा तुकडा तपासून झाला होता. कर्करोग. चौदा मिलिमीटर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आत्ता केलंत तर कडेचा एक लहान काप काढायचा. महिन्याभरात बोलायला लागाल. उशीर केलात तर किती जीभ ठेवता येईल ते मी सांगू शकत नाही." पंधरा दिवसांनंतरची तारीखही ठरली होती. ऑपरेशनचं विचारलं की फोनवर आई दर वेळी म्हणायची, "सगळं छान आहे गं, तू तुझं बघ."

गर्दी पांगल्यावर स्वप्नाने विचारलं, "आई, ऑपरेशन?"

सरोजिनीबाई टाकीची काच पदराने पुसत होत्या. "पुढे ढकललं. आता चारच तर राहिलेत."

जयवंतांना मरणाची भीती नव्हती. भीती होती ती जीभ जाण्याची. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत कुठेही कबड्डीचे सामने असोत, समालोचनाला माईक त्यांच्याच हातात असायचा. गेली चोवीस वर्षं. "कडेने कापलेल्या जिभेने 'कबड्डी' म्हणून दाखव बघू," ते म्हणाले. "आणि हे बुवा काही कापत नाहीत. काय बिघडलं?"

काय बिघडलं ते फ्रिजवर चिकटवलं होतं. गुरुजींचा छापील कागद. दर गुरुवारी टाकी रिकामी करून फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवावा. दिवसातून सात वेळा पुरीचा कुस्करा घालावा. सूर्यास्तानंतर फिल्टर बंद ठेवावा. मत्स्याला मोकळीक मिळावी म्हणून झाड लावू नये.

स्वप्नाने तो दोनदा वाचला. मासे मारायची याहून नेमकी कृती तिलाही लिहिता आली नसती.

माशाची घाण आणि उरलेलं अन्न कुजलं की पाण्यात अमोनिया होतो, आणि त्याने माशाचे कल्ले भाजतात. मुरलेल्या टाकीत हे होत नाही. तिथे स्पंजमध्ये आणि मातीत जिवाणू वस्ती करून असतात. ते अमोनियाचं नायट्राईट करतात, नायट्राईटचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट झाडं खातात. ही वस्ती बसायला पाच-सहा आठवडे लागतात. इथे ती दर गुरुवारी नळाच्या क्लोरीनखाली मारली जात होती, आणि सात वेळच्या पुऱ्या मात्र चालू होत्या.

गर्दीमुळे त्या गुरुवारी टाकी धुवायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टाकीचं पाणी परीक्षानळीत घेतलं. रसायनाचे थेंब पडताच पिवळ्याचं गडद हिरवं झालं. अमोनिया, लिटरला चार मिलिग्रॅम.

"आई, हे बघ. पाण्यातच विष आहे. त्यानेच मासे मरतायत."

आईने लगेच गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर.

"विष?" गुरुजींचा आवाज आनंदाने फुलला. "अहो, दुसरं काय सांगतोय मी इतके दिवस? कोणाचं विष ते? साहेबांचं! अंगातून उतरून पाण्यात आलं! पोरीने तर शास्त्राने सिद्ध करून दाखवलं!"

संध्याकाळपर्यंत सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत बातमी पसरली होती की लॅबवाल्या मुलीनेसुद्धा टेस्ट केली आणि रोग पाण्यात सापडला.

माशांची पाटी डोक्यावर घेऊन पाचूबंदरची रोझलीन मावशी शनिवारी दाराशी आली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक एकाएकी का तुटलं, हे तिला कळत नव्हतं.

"काय गो बाय, आजपन मासली नको?"

"नको गं," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे मासे पीडा घेतायत. खायचे नाहीत म्हणून सांगितलंय."

"मेला मासा की पीडा जाते?" रोझलीनने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "मंग आमचे बंदरावर रोज ढीग मरतात. आमचे गावात कोन आजारी पडायलाच नको! माझा घोव दम्याने गेला, त्याचे उशाशी तर बर्फाची अख्खी पेटी होती पापलेटाची!"

जयवंत खो खो हसले, आणि हसता हसता त्यांनी गालावर हात दाबला. कळ गेल्यावर ते स्वप्नाकडे वळले.

"बरं, तू म्हणतेस पाण्याचा दोष. मग हेच चार मासे माझ्या उशाशी महिनाभर जगवून दाखव. माझं विष उतरत असेल तर मरतील. नाही मेले तर तू म्हणशील तिथे येतो."

"महिना नाही, बाबा. दहा दिवस."

"एकवीस."

"एकवीस," स्वप्ना म्हणाली. प्रयोग चांगला होता, तो तिला मनापासून आवडला. दिवस कोणाच्या खात्यातले जाणार आहेत, हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी ती विरारला गुरुजींच्या ऑफिसात भांडायला गेली. गुरुजी नव्हते. टेबलापाशी चाळिशीची विनी नावाची बाई बसली होती, आणि तिच्या पाठीमागे चार फुटांची टाकी होती. स्वप्ना भांडण विसरून त्या टाकीपुढे उभी राहिली. तळाला माती, वर वाळू. मागे वॅलिस्नेरियाची लांब पाती पाण्याबरोबर डुलत होती, ओंडक्यावर जावा फर्न चढलं होतं, पानांवर बारीक बुडबुडे चमकत होते. सोनेरी मासे तळहाताएवढे.

"किती वर्षांचे?"

"हा मोठा सहा वर्षांचा. एक नाही मेला अजून."

"स्पंज कोण धुतं?"

"मीच. पण नळाखाली नाही हं धुवायचा. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा. आणि पाणी पाव भागच बदलायचं. एकदा चुकून नळाखाली धरला तर गुरुजी केवढे ओरडले."

स्वप्नाने तिला घरचं सगळं सांगितलं.

"माझ्या मिस्टरांनाही नऊ दिले होते," विनी म्हणाली. "फुकट. त्यांचे नऊच्या नऊ गेले. मग ते गेले. गुरुजींना वाईट वाटलं, म्हणून मला ही नोकरी दिली." तिने टाकीकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी स्पंज कसा धुवायचा ते त्यांनी शिकवलं, तेव्हाच मला कळलं."

"आणि तरी इथे?"

"मुलगी बारावीला आहे गं."

मग ती उठली, फिल्टरमधला जुना तपकिरी स्पंज कात्रीने अर्धा कापला आणि टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत बांधून स्वप्नाच्या हातात दिला. "सुकू देऊ नकोस. आणि माझं नाव घेतलंस तरी चालेल."

त्या अर्ध्या स्पंजात लक्षावधी जिवाणू होते. पाच आठवड्यांचं काम त्यांनी सहा दिवसांत केलं. जुन्या बाजारातून आणलेली तीन फुटी टाकी स्वप्नाने हॉलमध्ये, बाबांच्या खाटेच्या उशाशी मांडली. तळाला दोन इंच माती, वर धुतलेली वाळू, मागे वॅलिस्नेरिया, दगडाला दोऱ्याने बांधलेलं अनुबियासचं रोप. दिवा आठ तास, फिल्टर अखंड, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. सहा दिवसांत अमोनिया शून्यावर आला आणि तिने चारही मासे सोडले. मासे काढलेली जुनी टाकी तिने धुऊन, नवं पाणी भरून कोपऱ्यात ठेवली. तिच्यात मासा नाही, पण आईने कागदाप्रमाणे पुरीचा कुस्करा सात वेळा घालायचा, गुरुवारी स्पंज धुवायचा. आणि बाबांच्या खाटेखाली साध्या पाण्याची एक झाकलेली बादली.

जयवंत रमले. पडल्या पडल्या समालोचन सुरू झालं. "काळ्याने मुसंडी मारली आहे! सोनेरी संघाचा बचाव कोलमडला आहे! आणि हा बोनस, बोनस, बोनस!" सरोजिनीबाई कित्येक आठवड्यांनी हसल्या.

स्वप्ना रोज सकाळी आकडे वहीत लिहायची. अमोनिया शून्य. मासे चार. नवव्या दिवशी वॅलिस्नेरियाला नवा कोंब. बाराव्या दिवशी बाबांनी भाकरी सोडली आणि पेज मागितली. ते तिने वहीत लिहिलं नाही. सोळाव्या दिवशी काळा मासा दोन फूट सुसाट गेला आणि जयवंत काहीच बोलले नाहीत. अठराव्या दिवशी तिने म्हटलं, "बाबा, पुरे झालं. चला." त्यांनी तीन बोटं वर केली. शब्द म्हणजे शब्द.

एकविसावा दिवस गुरुवार होता. गुरुजी नवे पाच मासे घेऊन आले आणि मागोमाग मजलाही. चार जिवंत मासे पाहून त्यांनी लगेच झाडांकडे बोट दाखवलं.

"तरीच! झाडं लावलीत! झाडांनी पीडा अडवून धरली की हो!"

स्वप्नाने तीन नळ्या ओळीने ठेवल्या. "ही बादली. एकवीस दिवस बाबांच्या खाटेखाली." थेंब. पिवळी. शून्य. "ही नवी टाकी, चार माशांसकट, बाबांच्या उशाशी." पिवळी. शून्य. "आणि ही तुमची जुनी टाकी. हिच्यात मासा नाही. फक्त तुमच्या पुऱ्या." थेंब पडला, आणि नळी शेवाळासारखी हिरवी झाली. "विष बाबांचं असेल, तर ते खाटेखालच्या बादलीत का नाही उतरलं? विष पुऱ्यांचं आहे. आणि ते खाणाऱ्या जिवाणूंना तुम्ही दर गुरुवारी नळाखाली मारायला सांगता. तुमच्या ऑफिसातला स्पंज मात्र टाकीच्याच पाण्यात पिळतात. हो ना?"

"ते तुला विनीने..." गुरुजी बोलून गेले.

हॉलमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुरुजींनी पिशवीतले पाच मासे उचलले. "श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही," एवढं म्हणून ते लिफ्टकडे गेले. समोरच्या फ्लॅटमधला एक जण त्यांच्या मागे गेला. त्याच्या आईला लकवा झाला होता.

जयवंत उठून बसले. "ताईख घे," ते म्हणाले. 'र' त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

सरोजिनीबाईंनी फ्रिजवरचा कागद ओढून काढला. तो फाडावा की ठेवावा हे न कळून त्या तो हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मला वाटलं, कापण्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या. स्वप्नाने त्यांना जवळ घेतलं. एकवीस दिवस तिनेही मान्य केले होते.

त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि लिफ्टजवळ लावलं: मासा मेला तर पाणी तपासा. माणूस आजारी पडला तर माणूस तपासा, आणि तो दवाखान्यात तपासा. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच विचारा, हे न करता बघितलं तर काय होतं? या प्रश्नाला फार वेळ घेऊ नका. आम्ही घेतला.

दवाखान्यात मोजलं तेव्हा चौदाचे एकोणचाळीस मिलिमीटर झाले होते. गळ्यातल्या दोन गाठींतही रोग पोचला होता. शस्त्रक्रिया साडेनऊ तास चालली.

शस्त्रक्रियेनंतर अकराव्या आठवड्यात वाचा-उपचारतज्ज्ञ मुलीने जयवंतांच्या हातात पन्नास साध्या शब्दांची यादी दिली. पडद्याच्या पलीकडे त्यांना न ओळखणारा एक माणूस ऐकायला बसवला होता. जयवंतांनी एकेक शब्द सावकाश, पूर्ण जोर लावून वाचला.

वाचलेले शब्द पन्नास. कळलेले अकरा.