पिशवीतलं जादा ओझं

मी पाइप पाना. उभं राहून बोलायचं माझं वय राहिलं नाही, तेव्हा इथे खिडकीच्या कट्ट्यावर आडवा पडूनच बोलतो. आजारी वगैरे नाही हं. लोखंड आजारी पडत नाही, ते नुसतं दमतं.

माझा जन्म कारखान्यातला. तापवलं, ठोकलं, जबड्याला दात कापले, लाल रंग फासला आणि दुकानात खिळ्याला टांगलं. तिथून मालकांनी मला नेलं तेव्हा ते नुकतेच प्लंबर झाले होते. जिन्याखालच्या अंधाऱ्या जागा, मोऱ्या, गच्चीवरच्या टाक्या, भिंतीमागच्या चिंचोळ्या फटी, एवढंच आमचं जग. लोक पाहुण्यांना बैठकीची खोली दाखवतात, आम्हाला घराची पाठ दाखवायचे. वर थोड्या थोड्या वेळाने डोकावून विचारायचे, "झालं का?" जणू आम्ही तिथे हौसेने वाकून बसलो होतो.

गंजलेला पाइप हटून बसला की मालक माझ्या दांड्यावर नळीचा लांब तुकडा चढवायचे आणि सगळं अंग टाकून ओढायचे. असं करू नये हे प्रत्येक प्लंबरला ठाऊक असतं, आणि प्रत्येक प्लंबर तेच करतो. त्यात माझे दात झिजले, दांडा जरा वाकला. मालकांचे खांदेही त्यातच गेले. शेवटी त्यांची बोटं आखडली, मूठ वळेना. मला तेल लावून, फडक्यात गुंडाळून त्यांनी कॉटखाली ठेवलं.

"थोडे दिवस विश्रांती घेतो," ते मालकिणीला म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणाली.

ते थोडे दिवस काही संपेनात. मग त्यांच्या लेकीने प्लंबिंग शिकायचं मनावर घेतलं. कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभं राहून दुसऱ्यांनी विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचा तिला वीट आला होता. ती एका उस्तादाच्या हाताखाली लागली. उस्ताद म्हणजे वल्ली. त्याची रीत अशी, की शिकाऊ माणसाने हत्यारांचा अख्खा संच एकदम आणायचा नाही. ज्या हत्यारावाचून काम अडेल, तेच आणायचं. संच पुरा झाला की उस्ताद पिशवी पोत्यावर पालथी करणार, एकेक हत्यार हातात घेऊन बघणार आणि मगच एकटीने कामाला जायची मुभा देणार.

तशी तिची पिशवी हळूहळू भरत गेली. टेप, स्क्रू ड्रायव्हर, करवत, पाइप कापायची कात्री, स्क्रू पाना. नवं काही आणलं की ती आधी वडिलांसमोर कॉटवर ठेवायची. मालक ते हातात घेऊन नाक मुरडायचे.

"ही करवत? काकडी कापायला बरी आहे."

"बाबा, चांगली चालते."

"चालेल कशी? पातं उलटं लावलंयस. दात पुढे हवेत."

ती गुपचूप पातं फिरवायची. घरात पुन्हा आटे, वॉशर, गळती यांच्या गप्पा सुरू झाल्या. कॉटखाली पडल्या पडल्या मी ऐकायचो. मला फार बरं वाटायचं.

एके दिवशी एका तळघरात तिचं काम अडलं. जुना लोखंडी पाइप जागचा हलेना. "पाइप पाना नाही? मग आता आण," उस्ताद म्हणाला. घरी येऊन तिने सांगितलं, उद्या दुकानात जाऊन येते. मालक जेवता जेवता थांबले. मग कण्हत खाली वाकले आणि त्यांनी मला बाहेर ओढलं.

"दुकानात कशाला? हा आहे की. मी कामाला लागलो की परत दे, म्हणजे झालं."

"हो, तोवर वापरते," ती म्हणाली. आणि तरी मालकांची बोटं मला लवकर सोडेनात. मला भरून आलं. भीतीही वाटली, कारण माझे दात माझ्याइतके कुणाला ठाऊक?

झालं तसंच. तळघरात तिने मला पाइपला लावून जोर केला आणि मी घसरलो. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलो. तिची बोटं भिंतीवर आपटली, सालटी निघाली. उस्तादाने माझ्या जबड्यावरून अंगठा फिरवला.

"कुणाचा हा?"

"बाबांचा. जबडा बदलून मिळेल?"

"दांडाही वाकलाय, पोरी. संपलंय याचं काम. नवा घे."

तिने नवा घेतला. यथावकाश पिशवी पालथी झाली, उस्तादाने मान डोलावली आणि ती एकटीने कामं करू लागली. फक्त एक गोष्ट केली नाही. मला घरी ठेवलं नाही. मला घरी ठेवलं असतं, तर माझ्याबरोबर आपलेही कामाचे दिवस संपले हे मालकांना कळलं असतं आणि ते एकदम खचले असते. म्हणून ती रोज दोन पाने घेऊन जिने चढायची. पट्टा खांद्यात रुतायचा. ती पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची. रोज झोपायच्या आधी आई मलम चोळायची आणि पुटपुटायची, "काय एवढं भरलंयस त्यात?"

संध्याकाळी मालकांचा प्रश्न ठरलेला. "आज चालला का पाना?"

"चालला तर. तुमच्या पान्याशिवाय तो पाइप हललाच नसता."

आणि ते खरं वाटावं म्हणून घरात शिरायच्या आधी, जिन्यातच, ती मला गंज आणि चिखल फासायची. जन्मभर घाणीत राबलो, त्याची कधी लाज वाटली नाही. ही उसनी घाण मात्र अंगाला टोचायची. ठेव ना मला कुठेतरी, असं रोज मनात यायचं. पण पान्याचं कोण ऐकतं?

एका संध्याकाळी मालक मला पुसत होते. पुसता पुसता त्यांचा अंगठा माझ्या दातांवर थांबला. दांड्यावर चिखल भरपूर, पण दातांच्या खाचा मोकळ्या. पाइप पकडलेल्या पान्याच्या खाचांत लोखंडाचा कीस अडकतो, तो कुठेच नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी पिशवी उतरवत होती. ते बराच वेळ मला पुसत राहिले.

"उद्यापासून हा घरी ठेव," ते म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "का?"

"आपल्या मोरीतला नळ गळतोय. मला लागेल."

"मी बघते ना, बाबा."

"तू बाहेरची कामं कर. घरचं मी बघेन."

नळ गळत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर मालक मोरीत स्टूल टाकून बसले. दोन्ही तळहातांत मला धरलं आणि नळाचा नट ढिला केला. मी दोनदा घसरलो, नटाच्या चकाकीवर ओरखडे उठले, पण थेंब सुरू झाला. बऱ्याच दिवसांनी मालकांना घाम आला होता.

संध्याकाळी लेक हात धुवायला मोरीत गेली. तिने थेंब पाहिला, नटावरचे ताजे ओरखडे पाहिले. स्क्रू पान्याचा एक पीळ दिला असता तर भागलं असतं. तिचा हात पिशवीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तिने नळाखाली बादली सरकवली.

"बाबा, अजून गळतोय," ती आतूनच म्हणाली.

"जुना नळ आहे. वेळ लागेल."

"लागू दे. घाई नाही."

तेव्हापासून मालक रोज सकाळी तो नळ दुरुस्त करतात आणि रोज संध्याकाळपर्यंत तो गळायला लागतो. बादलीतल्या पाण्याने मालकीण फरशी पुसते आणि कुणाला काही विचारत नाही. लेकीची पिशवी हलकी झाली आहे. मी दमलोय, पण एवढं अजून जमतं.

तुम्ही कधी या घरी आलात, तर प्लंबरच्या घरी नळ गळतो म्हणून हसू नका. आणि तुम्हाला येत असलं, तरी कृपा करून तो दुरुस्त करू नका.