चांगल्या डोळ्यावरची पट्टी

मी पट्टी बोलतेय. डोळ्यांवर बांधायची, काळी. आधीच सांगते, माझ्यामुळं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका लेकराच्या बाबतीत रोज एक चूक होत होती, आणि मला तोंड नव्हतं.

माझा जन्म सोलापुरातलाच, पूर्व भागातल्या एका मागावरचा. चादरींतून उरलेल्या काळ्या सुतातून मला एका तेलुगू अक्कानं विणलं. "एवढीशी पट्टी कशाला हो?" असं तिनं न्यायला आलेल्या माणसाला विचारलं. तो नुसता हसला. माझ्याबद्दलचा संशय तिथूनच सुरू झाला. त्यानं सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, मला अजून कळत नाही.

मी आले ती एका जुन्या दगडी बंगल्यात. फ्रीमेसन म्हणून एक बंधुमंडळ असतं, त्यांची सभेची जागा. फाटकावर पाटी आहे, पण ती कोण वाचतंय? रिक्षावाल्याला 'भूतबंगला' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. आत काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी आहे, दोन खांब आहेत, आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा डोळा रंगवलाय. महिन्यातून एकदा संध्याकाळी सहाला माणसं जमतात, कमरेला पांढरे एप्रन बांधतात आणि दार लावून घेतात. दाराबाहेर एकजण तलवार घेऊन उभा राहतो. ती तलवार लिंबू कापायच्या पण लायकीची नाही, पण लांबून चमकते ना.

नवा माणूस घ्यायचा असला की माझं काम पडतं. मी त्याचे डोळे झाकते. दुसरा एकजण त्याचा हात धरून त्याला खोलीभर फिरवतो, आणि शेवटी माझी गाठ सोडतात. मधे जे बोलतात ते मी सांगणार नाही, मला विश्वासानं ठेवलंय. माणसं मात्र मी जवळून ओळखते. ज्याच्या नुसत्या खोकल्यानं कचेरी गप्प होते, त्या साहेबाच्या पापण्या माझ्याखाली चिमणीसारख्या फडफडल्या. एक वकील तर हळूच "आई गं" म्हणाला. पायरी आली की सगळे सारखेच. आधी पाय पुढं करून चाचपतात.

त्यांच्या घामानं मी भिजते म्हणून मला धुवावं लागतं. धुते उत्कर्षा. तिचा नवरा सयाजी बंगल्याचा वॉचमन. दोघं माढ्याकडची, मागच्या अंगणातल्या एका खोलीत राहतात. त्यांची मुलगी आरोही, सहावं लागलंय तिला. उत्कर्षा मला दोन बोटांत धरते, मेलेल्या पालीला धरावं तशी, आणि आपल्या दारासमोरच्या दोरीवर टाकते. पुढची सभा येईपर्यंत मी तिथंच लोंबते. मंडळाचे हातरुमाल, टेबलावरची कापडंही माझ्या शेजारी असतात. त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं मला दिसतं.

मंडळातल्या मुबीन डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना आहे. आरोही पुस्तक बघताना मान वाकडी करते हे पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. त्यांनी तिला तपासलं, चष्मा दिला, आणि एक दिवस अंगणात येऊन उत्कर्षाला समजावलं.

"हिचा उजवा डोळा आळशी झालाय. डावा चांगला आहे, सगळं काम तोच करतो. म्हणून रोज चार तास डावा झाकायचा. मग उजव्याला काम करावंच लागेल. हे लहानपणीच जमतं बरं का. सात-आठ वर्षांची झाली की अवघड होतं."

"चांगला डोळा झाकायचा?" उत्कर्षानं विचारलं.

"चांगलाच."

पहिल्या दिवशी तिनं डाव्या डोळ्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. आरोही दाराबाहेर पडली आणि उंबऱ्याच्या पायरीवरून तोंडावर आपटली. ओठ फुटला. फाटकापाशी कडक भाकरी विकणारी सोजरबाई धावत आली. तिनं लेकराला उचललं आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"आगं, भितीवरचा त्यो डोळा बगिटलास न्हवं? त्येला लेकराचा डोळा लागतोय. न्हायतर धड डोळा झाकाया कोन सांगतंय का?"

"डॉक्टर हायत ते, मावशी. शिकल्यालं हायत."

"शिकल्यालं हायत तर दार लावून काय करत्यात? तलवार घिऊन हुबं ऱ्हात्यात ते माज्या भाकरी राकाया व्हय?"

त्या दिवशी उत्कर्षानं तीनदा उठून आरोहीच्या चष्म्याची काच पुसली.

दुसऱ्या दिवशी तिनं चिकटपट्टी लावली ती उजव्या डोळ्यावर.

मी दोरीवरून बघत होते. तिला दोष कसा देऊ? दुखऱ्या जागेलाच पट्टी बांधतात, एवढंच तिला ठाऊक. गुडघा फुटला तर फुटक्या गुडघ्याला बांधायची, धडक्याला नाही. आणि आरोही तर खूश होती. चांगला डोळा उघडा, मग काय, अंगणभर पळत होती. आईला वाटलं, बरं झालं. मी मात्र वाऱ्यावर हलत राहायचे, माझं ओरडणं तेवढंच. आळशी डोळा झाकून आणखी आळशी होत होता. मी रोज बघायचे, प्रत्येक वेळी उजव्यावरच. दोन महिने गेले.

मग सभेच्या दिवशी दुपारीच मुबीन डॉक्टर आले. उत्कर्षा मला दोरीवरून काढत होती.

"काल तपासलं, काहीच फरक नाही," डॉक्टर म्हणाले. "पट्टी रोज लावता ना?"

"व्हय. रोज."

"आई हितं लावती," आरोही म्हणाली, आणि तिनं उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

उत्कर्षाच्या मुठीत मी चुरगळले. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुमी आदी मला सांगा," उत्कर्षा म्हणाली, "आत काय करता तुमी? भितीवर डोळा कशापायी? ही पट्टी कुनाला बांधता? मी म्हयन्याला धुती ही. घामाचा वास येतोय हिला. भ्याल्याल्या मानसाचा घाम कळतो मला."

"सगळं सांगायला बंदी आहे. शपथ घेतलीय मी."

"लपवायचं काय हाय मग?"

डॉक्टरांना हसू आलं. "खरं सांगू? लपवण्यासारखं फारसं काही नाही, हेच आम्ही लपवतो." मग ते गंभीर झाले. "पण लोक घाबरतात, त्यात चूक आमचीही आहे. दार तर आम्हीच लावतो. चला, दार उघडं ठेवतो. पट्टी कशाला असते ते तुम्हीच बघा. तुम्ही तुमच्या हातानं बांधा, आणि वाटेल तेव्हा सोडा. हात आरोही धरेल."

"तिला कसं जमंल?"

"तिचा डावा डोळा झाकू. बघू, जमतंय का."

सभागृहाची दोन्ही दारं उघडी होती, दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. उत्कर्षा भिंतीवरच्या डोळ्याकडं न बघता उभी राहिली. तिनं मला बांधलं. इतकी घट्ट, की मला तिच्या कानशिलाची नाडी ऐकू आली. कुठल्या साहेबाच्या पापण्या एवढ्या उडाल्या नव्हत्या.

"चल, आई."

लहान हातानं मोठा हात ओढला. तीन-चार पावलांतच आरोही खुर्चीला धडकली. उत्कर्षाचा हात माझ्या गाठीकडं गेला.

"लागलं का गं?"

"न्हाय. सोडू नको की. मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"काळं... मग पांढरं... मग काळं." ती वाकून चालत असावी, तिचा आवाज खालून येत होता. "आई, तू पांढऱ्यावर पाय दे. आता थांब. थांब म्हणलं की! पायरी हाय हितं. माजा ओठ फुटलेला तसली."

उत्कर्षा थांबली. आणि सगळे करतात तसा पाय पुढं करून तिनं चाचपलं. पायरी खरंच होती.

मी भिजले. या वेळी घामानं नाही.

खांबापाशी पोचल्यावर आरोही म्हणाली, "आता सोड." उत्कर्षानं गाठ सोडली. तिच्या अगदी समोर आरोहीचा एकच डोळा होता, उजवा, लालसर झालेला, बारीक करून तिच्याकडंच बघणारा. त्या डोळ्याला एकट्यानं काम निभावताना तिनं पहिल्यांदाच बघितलं.

"दोन म्हयनं वाया घालीवलं मी," ती म्हणाली.

"अजून वेळ आहे," डॉक्टर म्हणाले. "पण आता एक दिवसही चुकायचं नाही."

"ती चिकटपट्टी उन्हानं निघती, कातडीला चट्टं उठत्यात. मी शिवती कापडाची." तिनं मला वर धरलं. "हिच्यातली देता का? चार बोटं."

"मंडळाची वस्तू आहे ती, विचारावं लागेल..." डॉक्टर घुटमळले. मग म्हणाले, "कापा. मी संध्याकाळी विचारतो."

तर आता मी चार बोटांनी आखूड आहे. मोठ्या डोक्याच्या माणसाला माझी गाठ जेमतेम बसते. माझा तो तुकडा आरोहीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर खोळीसारखा शिवून बसवलाय, बाजूनंही उजेड जाऊ नये असा. सोजरबाईनं बघितलं तेव्हा ती म्हणाली, "भूतबंगल्याचं कापड लेकराला? इपरीतच हाय तुजं." उत्कर्षा म्हणाली, "मावशी, तुमी एकदा बांधून बगा, मग बोला." सोजरबाई भाकरीच्या टोपलीकडं वळली. तिचं मन अजून वळलेलं नाही. वळेल का, माहीत नाही.

आरोहीचा डोळा बरा होईल का, तेही मला माहीत नाही. मी रोज मोजते, चार तास, चार तास. अजून ती अडखळते, चिडते, तुकडा ओढून काढते. उत्कर्षा रडवेली होते, पण पुन्हा डाव्यावरच बसवते.

पण आज सकाळी मी दोरीवर होते. आरोही उंबऱ्यात बसली होती, डावा डोळा झाकलेला. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आई, पट्टीचा दोरा लोंबतोय बग."

माझ्या कापलेल्या कडेचा एकच दोरा, बोटभर लांब, केसासारखा बारीक. उत्कर्षाच्या हातातली बादली तशीच राहिली. ती माझ्याकडं बघायला लागली, मग लेकीकडं. मग तिनं कात्री आणली, कडा नीट करायला.

बाई, तेवढं करू नकोस. वाटल्यास मला आणखी काप, पण तो दोरा राहू दे. आज तो उंबऱ्यातून दिसला. फाटकापासून दिसेपर्यंत लोंबू दे त्याला.