चिंगी दिसली

झाड उभं होतं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उभ्या झाडाचा कुणाला राग येतो का, असं तुम्ही म्हणाल. पण हे झाड जानेवारीतल्या वादळात आडवं झालं होतं. दोन महिने बाकीच्या फोटोंत मी ते पडलेलंच बघत होते. आणि आज रविवारी सकाळी अनयने पाठवलेल्या ‘गेल्या आठवड्यातल्या’ फोटोत ते ताठ उभं, आणि बुंध्याशी माझी चिंगी बसलेली!

मी सुलभा. वय त्र्याहत्तर, राहते अमेरिकेत, ट्रॉयमध्ये. पस्तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून मायक्रोस्कोपला डोळे लावले, त्यामुळे मधल्या गोष्टीइतकीच मला कडेचीही दिसते. अनय माझ्या पुण्याच्या मैत्रिणीचा नातू, पण मला मावशीच म्हणतो; इथून तासाभरावर ॲन आर्बरला पीएचडी करतो. विषय ऑस्ट्रेलियातली कातळावरची वॉलबी. कांगारूचं लहान भावंड म्हणा. कड्यांवर राहते, आणि कोल्हे तिला खाऊन संपवत आणताहेत. एका डोंगरावर अनयच्या लोकांनी कॅमेरे बांधलेत. फोटोतली वॉलबी नेमकी कोणती, हे कॉम्प्युटरला धड ओळखता येत नाही. मला येतं. डावा कान फाटका म्हणजे चिंगी. दर रविवारी फोटो बघायचे आणि यादीत जिच्या तिच्या नावापुढे ‘दिसली’ असं लिहायचं. ऑक्टोबरात माझा नवरा नरेंद्र गेला, त्यानंतर सकाळी उठायला मला एवढंच एक कारण उरलं होतं.

इतके दिवस चिंगीचे फोटो जवळून काढलेले यायचे, कडेचं काही दिसायचं नाही. आज पोरगा चुकला. मी फोन केला नाही, कारण फोनवर माणूस थापा मारतो. बर्फात गाडी काढली आणि तासाभराने त्याच्या लॅबच्या दारात उभी राहिले.

“मावशी! तुम्ही? अहो, रोड्स किती स्लिपरी आहेत, कॉल करायचा ना.”

“रस्त्याचं सोड. हे झाड परत उभं कुणी केलं? तू?”

माझ्या फोनमधला फोटो बघून त्याचं ततपप सुरू झालं. “मावशी, आधी बसा तरी. कॉफी आणतो...”

“कॉफी गेली खड्ड्यात! चिंगी कुठाय?”

“गेली,” तो खाली बघत म्हणाला. “डिसेंबरमध्ये. कोल्ह्याने नेली. तिचं पिल्लू पण. नंतर ठमी आणि बकुळा.”

“मग तीन महिने मी ‘दिसली’ म्हणून लिहितेय ते काय?”

“जुने फोटो होते. नरेंद्रकाकांना जाऊन दोन महिने झाले होते. तुम्ही कॉल करून फक्त चिंगीबद्दल बोलायचात. कसं सांगायचं, यार...”

“यार कुणाला म्हणतोस? मी काय कुक्कुलं बाळ आहे? पस्तीस वर्षं लोकांना कॅन्सर आहे म्हणून लिहून दिलंय मी! मला सोसेल की नाही, हे ठरवणारा तू कोण?”

आणि मग माझ्या मनात दुसरीच पाल चुकचुकली.

“माझ्या यादीचं काय केलंस? दातखीळ बसली का? बोल!”

तेव्हा खरं बाहेर आलं. रिपोर्ट करताना ही चार नावं तो काढणार होता म्हणे. पण प्रोग्रॅमने माझी यादी आपोआप उचलली, आणि या शहाण्याने न बघता रिपोर्ट ऑस्ट्रेलियाला पाठवून दिला. डोंगरावर पाच वॉलबी उरल्यात, रिपोर्टात नऊ. आणि तिथल्या लोकांनी ठरवलेलं असं, की संख्या आठच्या वर गेली तर त्या डोंगरावर कोल्ह्यांना विषाची आमिषं टाकणं बंद करायचं आणि माणसं दुसरीकडे न्यायची. त्यांची मीटिंग सोमवारी सकाळी. म्हणजे आपल्याकडे आज संध्याकाळी.

“हे तुला कधी कळलं?”

“गुरुवारी.”

“गुरुवारी! आणि तरी आज मला चिंगीचा फोटो पाठवलास?”

“घाबरलो, मावशी. सर मला काढून टाकतील. चार वर्षं गेलीत माझी, व्हिसा जाईल...”

“आणि त्या पाच जणी? त्यांनी कुठला व्हिसा काढायचा? बस तिथे. ईमेल लिही.”

तो बसला. काय लिहिलं? ‘काही डेटा इश्यूजमुळे संख्येत तफावत आढळली.’ मी टेबलावर हात आपटला.

“डेटा इश्यू कुणाचं नाव आहे? खोड ते. मी जुने फोटो दिले, असं लिही. तुझं नाव घाल. माझंही घाल, यादी माझी आहे.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. नऊ वाजून गेले होते. पुण्याहून सासूबाई. वय चौऱ्याण्णव. दर रविवारी नऊला मी त्यांना फोन करते, आज रागाच्या भरात विसरले होते.

“सुलभा, फोन नाही आला गं तुझा? नरेंद्र बरा आहे ना?”

“ठणठणीत आहेत, आई. अंघोळीला गेलेत. मी करते हं नंतर.”

फोन ठेवला. अनयची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

“बघतोस काय? टाइप कर!”

“मावशी, आजींना अजून...”

“त्यांचं हार्ट वीक आहे! घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मला अक्कल शिकवू नकोस, कानाखाली जाळ काढेन!”

तो वळला आणि लिहू लागला. या वेळी सरळ लिहिलं. चार नावं, चार तारखा, आणि ‘हे मी केलं’. मला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण राग उतरतच नव्हता. फक्त आता तो अनयवर राहिला नव्हता.

“कोल्ह्याने नेली तेव्हाचा फोटो दाखव.”

“नको ना, मावशी.”

“दाखव म्हणते ना.”

कोल्हा वळून कॅमेऱ्याकडे बघत होता. तोंडात लोंबणारा जीव, आणि फाटका डावा कान. मी यादी उघडली. डिसेंबरपासून चिंगीच्या नावापुढे तेरा वेळा ‘दिसली’ होतं. तेराही खोडले, आणि डिसेंबरच्या त्या तारखेपुढे ‘मेली’ लिहिलं.

मग पुण्याला फोन लावला.

“आई, नरेंद्र गेले. ऑक्टोबरात. झोपेत हार्ट अटॅक आला.”

पलीकडे सिरियलचा आवाज येत होता. तो बंद झाला. आता काय होतंय म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला. पण कसलं वीक हार्ट! त्या बाईचा आवाज कडाडला.

“ऑक्टोबर? आणि आज मार्च?”

“हो, आई.”

“पाच महिने मी दर शनिवारी बाईच्या हाती मारुतीला तेल पाठवतेय, माझ्या नरेंद्रला आयुष्य दे म्हणून. कुणासाठी गं? कुणासाठी मागत होते मी?”

“तुम्हाला सोसलं नसतं...”

“मला सोसेल की नाही, हे ठरवणारी तू कोण?”

अनयला सगळं ऐकू जात होतं. त्याने मान खाली घातली. मला रडू फुटलं, चार माणसांत कधी रडले नव्हते तशी रडले.

“रडतेस काय?” सासूबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचाही आवाज फाटला. “सांग. आदल्या दिवशी काय जेवला, काय बोलला, कुणी खांदा दिला. एक अक्षर गाळलंस तर बघ.”

मी अनयची खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.