तिसऱ्या दिवसाच्या दोन रेघा

"तिसरा दिवस!" सुईबाबा माइकमध्ये गरजला.

"दोन रेघा!" अडीचशे घसे एकदम ओरडले.

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांत चढून बसली होती. मंचावर एक बाई हात जोडून उभी होती. तिनं घरून आणलेल्या लघवीच्या बाटलीत बाबाच्या मदतनीस बाईनं गर्भ तपासायची पट्टी बुडवली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आधी एक गुलाबी रेघ आली. हॉल चिडीचूप. मग हळूहळू दुसरी उमटली. बाई मटकन खाली बसली, तिचा नवरा बाबाच्या पायांवर आडवा झाला आणि टाळ्यांनी छत उडायची वेळ आली.

"डॉक्टर म्हणतो दहा सुया, बारा सुया," बाबा सुरू झाला. "मी म्हणतो एक! का? कारण त्याची सुई औषधाची, माझी सुई ऊर्जेची! विज्ञान दमून जिथं बसतं ना, तिथून माझी वाट सुरू होते!"

वाट कुठून का सुरू होईना, ती लोकांच्या खिशात संपत होती. बाबानं अंगात पायघोळ पांढरा झगा घातला होता आणि वर डॉक्टरचा कोट, म्हणजे देव आणि डॉक्टर दोघांचे कपडे एकावर एक. गळ्यात स्टेथोस्कोप होता. त्याची दोन टोकं कानांत घालायची असतात हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, कारण तो त्याची गोल चकती भक्तांच्या कपाळाला लावून डोळे मिटायचा.

मागच्या रांगेत सासूबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? आणि तू रोज पोटाला भोकं पाडून घेतेस."

सुनेनं मान भिंतीकडे वळवली. शर्टांच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची. शिलाई कुठे सुटली, काज कुठे तिरकं गेलं, हे दिवसाला तीनशे शर्टांत शोधायचं, म्हणून सगळे तिला चेकरबाई म्हणत. आत्ता ती पडद्याकडे बघतच नव्हती. भिंतीवरचा नियमांचा फलक वाचत होती. सुई घेतल्यावर तिसऱ्या दिवशी मंचावर पट्टी पाहावी. त्यानंतर महिनाभर पट्टी पाहू नये, दवाखान्याची पायरी चढू नये, मनात शंका आणू नये, नाहीतर गर्भ बुजतो.

चेकरबाईनं ते दोनदा वाचलं. तिच्या पर्समध्ये दवाखान्यातल्या सिस्टरनं दिलेला कागद होता, आणि त्यावर नेमकं उलटं लिहिलं होतं. शेवटच्या सुईनंतर चौदा दिवस घरी पट्टी पाहू नये. एक म्हणतो तिसऱ्याच दिवशी बघा, नंतर नको. दुसरी म्हणते नंतर बघा, आधी नको. शर्टाचे दोन कफ एकमेकांच्या उलट शिवलेले असले की तिचं डोकं जसं भणभणायचं, तसं भणभणलं.

सात वर्षं तिला मूल नव्हतं. यंदा स्कूटर विकून तिनं आणि नवऱ्यानं एका खेपेपुरत्या इंजेक्शनांची सोय केली होती, फक्त एका. तेवढीही जमली ती सिस्टरमुळे. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं कमी किमतीत मिळतं हे तिनंच सांगितलं होतं, आणि सोनोग्राफीत सवलतीचा अर्जही तिनंच भरून घेतला होता. पाच सुया झाल्या होत्या. उरलेल्या कुप्या घरी फ्रीजमध्ये लिंबांच्या शेजारी होत्या. गुरुवारी बाबाची सुई घ्यायची, कुप्या दुकानदाराला परत करायच्या आणि आलेले पैसे बाबाला द्यायचे, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून यादीत नाव घातलं होतं. चेकरबाई नको म्हणाली तेव्हा त्या तीन दिवस जेवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली.

"सिस्टर, चौदा दिवस थांबायचं ते का हो?"

"परवा सांगितलं होतं, पण तुमचं लक्ष सुईकडे होतं," सिस्टर हसली. "ऐका. आत्ता रोज घेता त्या सुया बीज वाढवतात. ते पिकलं की आम्ही शेवटची, वेगळी सुई देतो. ती पिकलेलं बीज सोडवते. आता गंमत बघा. त्या शेवटच्या सुईत जे हार्मोन असतं, तेच गर्भ राहिला की बाईच्या अंगात तयार होतं. पट्टी तेवढंच ओळखते. तिला बाळ दिसत नाही हो ताई, ते हार्मोन दिसतं. मग सुईनंतर तिसऱ्या दिवशी पट्टी बघितली तर काय दिसेल?"

"दोन रेघा," चेकरबाई सावकाश म्हणाली.

"सुईच्या रेघा. आठ-दहा दिवसांनी औषध उतरलं की गेल्या. अहो, ती सुई एखाद्या पुरुषाला टोचली ना, तर त्याच्याही पट्टीवर येतील!"

चेकरबाईनं मग सुईबाबाचं सगळं सांगितलं. सिस्टरचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"त्याच्या सुईत काय आहे ते मी न बघता सांगणार नाही. पण तुम्ही ती घ्यायची नाही. तुमची बीजं अजून कच्ची आहेत. शेवटची सुई आत्ता अंगात गेली तर ही खेप वाया, स्कूटर वाया."

संध्याकाळी सात वाजता रोजच्यासारखा नवरा हात धुऊन सिरिंज घेऊन बसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बावीस मजल्यांच्या पोकळीत दोरावर लोंबकळत गाणी म्हणणारा हा माणूस सुई पाहिली की घामाघूम व्हायचा. बायकोला टोचताना एक डोळा मिटून घ्यायचा.

"अहो, गुरुवारची ती सुई तुम्ही घ्याल?" तिनं विचारलं आणि सिस्टरची गोष्ट सांगितली.

"मी?" त्याचा दुसरा डोळाही मिटला. "आईला सरळ सांगू की असं असं आहे म्हणून."

"सांगून बघितलं नाही का? आईंनी डोळ्यांनी रेघा पाहिल्यात. त्यांना आता डोळ्यांनीच दाखवायला लागेल."

त्यानं सिरिंजवरचं टोपण काढलं. "तू रोज एक घेतेस," तो म्हणाला. "मी एक घेतो. पण सिरिंज नवी आहे का ते तू बघायचं."

गुरुवारी हॉलच्या कोपऱ्यात पडद्यामागे सुयांचा कार्यक्रम होता. बाबा पडद्याबाहेर डोळे मिटून ऊर्जा सोडत होता आणि आत मदतनीस बाई लेबल खरवडलेल्या कुप्यांतून औषध भरत होती. चाळीस बायका रांगेत, आणि टोचणारी ती एकटीच.

"मला रोज हेच टोचतात," चेकरबाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "सवय आहे त्यांना. तुम्ही नवीन सिरिंज भरून द्या फक्त, आम्ही त्या बाजूला उरकतो."

"बरं झालं बाई," मदतनीस म्हणाली. नवं पाकीट फाडून तिनं सिरिंज भरली, हातात ठेवली आणि पुढचीला हाक मारली.

कपाटाआड चेकरबाईनं ती सुई नवऱ्याच्या मांडीत टोचली. त्यानं दातांत रुमाल धरला होता. बाहेर सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. आतून आलेला "आई गं" हा आवाज पोराचा आहे हे त्यांना ओळखू आलं नाही, कारण तेवढ्यात बाबानं ऊर्जेचा जोर वाढवला होता.

घरच्या सुया रोज सातला चालूच राहिल्या, दार लावून; बाबाचे पैसे नवऱ्यानं उसने आणले होते आणि कुप्या फ्रीजमध्येच एका डब्यात लपवल्या होत्या.

रविवारी तिसरा दिवस. पहाटेची पहिली बाटली घरून भरून आणायची असा बाबाचा नियम. ती बाटली सासूबाईंनी स्वतः उचलली, पदराखाली धरून हॉलपर्यंत आणली आणि मंचावर बाबाच्या पुढ्यात ठेवली. पट्टी बुडाली. पडद्यावर एक रेघ आली. मग दुसरी, चांगली ठसठशीत.

"तिसरा दिवस!"

"दोन रेघा!"

"सात वर्षांची वांझ कूस आज फुलली!" बाबानं स्टेथोस्कोप सासूबाईंच्या कपाळाला लावला. "आजी झालात, माउली!" सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

चेकरबाईला ते बघवेना. तिनं माइक उचलून नवऱ्यापुढे केला. नवऱ्यानं तो घेतला.

"बाबा, बाटली माझी आहे," तो म्हणाला. "सुईपण मीच घेतली. तेव्हा तुमच्या हिशेबानं दिवस मला गेलेत. बाळंतपणाची रजा कोण देणार तेवढं सांगा."

आधी कुणाला कळलंच नाही. मग खिडकीतला एकजण फिस्सकन हसला आणि हसू पुढच्या रांगेपर्यंत पसरलं.

"खोटं! बाटली बदलली! बाबांचा अपमान!" दुसरीकडून ओरडा झाला.

"मग आत्ता बघू," नवरा म्हणाला. "तुमच्यातले कुणीही दोघं चला माझ्याबरोबर. पट्टी बाबांच्याच खोक्यातली घ्या."

ओरडणाऱ्यांतलेच दोघे त्याच्याबरोबर संडासापर्यंत गेले आणि पेला स्वतः धरून घेऊन आले. अडीचशे माणसं मान उंचावून एका लिफ्टवाल्याची लघवी बघत होती. पडद्यावर दोन रेघा उमटल्या.

बाबा हार मानणाऱ्यांतला नव्हता. "पाहिलंत!" त्यानं हात वर केले. "ऊर्जा इतकी प्रचंड आहे की पुरुषाच्या पोटी..."

पुढचं ऐकू आलं नाही. हॉल पोट धरून हसत होता. ऊर्जा, कूस, विज्ञानापुढची वाट, सगळं त्या हसण्यात वाहून गेलं, आणि मंचावर उरला दोन कपडे घातलेला एक घामेजलेला भामटा.

आता चेकरबाईनं माइक घेतला. सिस्टरनं सांगितलं होतं तसंच तिनं सांगितलं. ही सुई चमत्काराची नाही, दवाखान्यातल्या शेवटच्या सुईतलंच हार्मोन आहे. पट्टी बाळ ओळखत नाही, ते हार्मोन ओळखते. म्हणून तिसऱ्या दिवशीच बघायचं आणि पुढे महिनाभर बघायचं नाही, कारण दहा दिवसांत रेघ पुसते. पुसली आणि पाळी आली, की बाबा म्हणतो तुझ्या मनात शंका आली म्हणून गर्भ बुजला, दुसरी सुई घे.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. शाळेत शिकवायची ती, हॉलमध्ये सगळे तिला ओळखत होते.

"माझ्या चार झाल्या," ती म्हणाली. "चार वेळा दोन रेघा आल्या. चारही वेळा गेलं. माझ्या शंकेनं गेलं म्हणाले." तिनं चार बोटं वर केली. "मी चौघांची नावं ठेवली होती. ती मुलं... नव्हतीच?"

"नव्हती हो, बाई," चेकरबाई म्हणाली. "तुमच्यामुळे कुणीही गेलं नाही."

हसू जागच्या जागी थांबलं. बाई खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडू लागली. चेकरबाईला आयुष्यात कुणाची इतकी किळस आली नव्हती जितकी त्या क्षणी मंचावरच्या माणसाची आली. लोकांचे पैसे लुबाडणारे चोर पुष्कळ असतात. यानं बायकांना न झालेल्या मुलांचा शोक करायला लावला होता, आणि वर दोषही त्यांच्याच माथी मारला होता.

सुईबाबा मागच्या दारानं निघाला होता, पण जिन्यात माणसं उभी होती. कुणीतरी फोन केल्यावर पोलिसांबरोबर आलेल्या औषध निरीक्षकानं खोकी उघडली. लेबल खरवडायची राहून गेलेल्या तीन कुप्या सापडल्या. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या सुईच्याच, कुठल्याही औषधाच्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या होत्या.

सिस्टरनं मात्र कौतुक केलं नाही. "कुणीही भरून दिलेली सुई टोचून घेता? अकलेचे कांदे!" म्हणत तिनं लिफ्टवाल्याच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. त्या सुईलाही तो एक डोळा मिटूनच सामोरा गेला. तपासण्या नीट आल्या.

चेकरबाईची खरी शेवटची सुई मंगळवारी झाली. मग ती चौदा दिवस थांबली. पंधराव्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या खिडकीत पट्टी ठेवून तिघं उभी राहिली. एक रेघ आली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एकच राहिली.

ती खूप रडली. नवराही रडला. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. मनात शंका आली होती का, असं त्यांनी विचारलं नाही.

वाचकहो, इथं दोन रेघा दाखवून गोष्ट गोड करणं सोपं होतं. तो धंदा सुईबाबाचा. दवाखान्यातल्या सुया दरवेळी मूल देतीलच असं कुणी प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. पण त्या सुईत काय आहे, ती कशासाठी आहे, किती वेळा फसते, हे विचारलं तर उत्तर मिळतं, आणि ते उत्तर दुसऱ्याकडून पडताळून घेता येतं. जो विचारू देत नाही, पुन्हा तपासू देत नाही आणि फसलं की तुमच्याच मनाला बोल लावतो, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असो की माळ, त्याच्यापुढे बाही वर करू नका.

पुढच्या महिन्यात सून रजा मिळेना म्हणून अडकली, तेव्हा दवाखान्यात सासूबाई एकट्याच गेल्या. चष्मा पुसून त्यांनी सिस्टरपुढे नव्या खेपेच्या औषधांचा कागद उलगडला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सुई कशाची, ते मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "मग त्याच औषधाची स्वस्तातली कुठली ते सांगा. आणि सावकाश सांगा, मी लिहून घेणार आहे."