दोन्ही चिमट्यांना कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता टाकीवर वाकली. निळ्या पाण्यात टांगलेले नवे पातळ पत्रे पाण्याच्या रेषेपाशी चाळणीसारखे झाले होते. मीटरचा काटा मात्र जागच्या जागी, शहाण्यासारखा.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या या छोट्या कारखान्यात भंगाराचं तांबं शुद्ध करतात. मोरचूद आणि आम्लाच्या पाण्यात एकाआड एक टांगायचं: जाड मळकट पाट, पातळ शुद्ध पत्रा. पाटाला प्लस, पत्र्याला मायनस. वीज सोडली की पाटातलं तांबं विरघळतं आणि कणाकणानं पत्र्यावर जाऊन बसतं. मळ मागे राहतो. झाडलोट करणाऱ्या कुळगावच्या कौसाबाईंनी त्याची ओवीच केली होती:

निळ्या पाण्याच्या वाटेनं, तांबं निघालं सासरी
मळ सारा बाई त्याचा, राहिला गं माहेरी

"मावशी, लेक उलटी फिरली," विनिता पुटपुटली. "पत्रे विरतायत. तांबं पाटावर चाललंय."

"अगं बया! काल तर एवढी पूजा केली."

पूजा! काल तारांचे चिमटे काढून, घासून, चौरंगावर मांडले होते. प्लसच्या चिमट्यावर लाल रंगाचा ठिपका. कौसाबाईंनी भक्तिभावानं दोन्ही चिमट्यांना कुंकू माखलं. विनितानं लाल बघितलं, तार लावली. रात्रपाळीनं फक्त मीटर बघितला.

साडेदहा झाले होते. अकराला शरदचंद्र साहेब, कारखान्याचे मालक, पत्रे उचलून बघणार होते. पॅकिंगमधून टाकीवर आलेली विनिता पहिलीच बाई. ही टाकी जमली तर इथे कायम, नाहीतर परत खोके बांधायला.

तिनं वीज बंद केली, हातमोजे चढवले. पहिला चिमटा सुटला. दुसरा अडकला. जोर लावला तशी पत्र्यांची सळई हलली, एक पत्रा झुलला. तुटून पाटाला टेकला असता तर वीज सोडताच शॉर्ट.

"हळू गं माझे बाय, लेकराचा पाळणा हलवतेस जशी."

"मावशी, आत्ता बोलू नका!"

कर्रकन चिमटा निघाला. तिनं तारांची अदलाबदल केली, वीज हळूहळू वाढवली. काटा परत तिथेच. त्याला काय!

"साहेबांना सांगते, कुंकू माझं," कौसाबाई म्हणाल्या. "मला काय करतील? झाडू काढून घेतील, ना?"

साहेब दहा मिनिटं आधीच आले. त्यांनी एक पत्रा उजेडात धरला. भोकांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या शर्टावर पडले.

"हे काय?"

कौसाबाईंनी तोंड उघडलं, पण विनिता आधी बोलली. "मी तारा उलट्या लावल्या, साहेब. रात्रभर उलटंच चाललं. आत्ता फिरवल्यात."

"मीटरवर कळलं नाही?"

"वीज तेवढीच वाहते. मीटरला दिशा कुठे दिसते?"

"मग तुला कशी दिसली?"

"पत्रे झिजले, आणि मळके पाट गुलाबी झाले."

साहेब टाकीवर वाकले. मग पत्रा अलगद पाण्यात सोडला.

"तांबं पळालं नाही. टाकीतच आहे. उद्या अकराला परत उचलू." दारापाशी ते थांबले. "आणि खोक्यांवर दुसरं माणूस बघायला सांगतो."

विनिता तिथेच स्टुलावर टेकली. कौसाबाईंनी पदरानं मायनसचं कुंकू खसाखसा पुसलं, कनवटीचा काळा दोरा काढला आणि त्या तारेला गाठ मारून बांधला.

"आता दृष्ट पण लागायची नाही," त्या म्हणाल्या, "आणि तू पण चुकायची नाहीस."